आमच्या घराण्याचं ट्यूनिंग

३ फेब्रुवारी, सोमवार

पप्पांनी आज पुन्हा गिटारच्या तारा सैल केल्या. मुळात त्या सैलच होत्या. आई गेल्यापासून त्यांनी ती वाजवलेली नाही. तरी खुंट्या आणखी थोड्या उलट्या फिरवल्या आणि मगच टीव्ही लावला. चोर आला तर त्याने टीव्ही न्यावा, भाताचा कुकर न्यावा. आमच्या काहेले घराण्याचं ट्यूनिंग मात्र त्याच्या हाती लागता कामा नये!

हवाईतल्या आमच्या वायमेआ गावात असली घराणी पैशाला पासरी. जो तो आपल्या रीतीने तारा सैल करून जुळवतो, ती रीत फक्त घरातल्यांना सांगतो, आणि वाजवून झालं की गिटार खाली ठेवण्याआधी सगळ्या तारा ढिल्या करून टाकतो. शेजाऱ्याने उचललीच तर त्याला नुसतं लाकूड मिळावं. पप्पांचे वडील तर लोकांकडे पाठ करून वाजवायचे. गावाने त्यांच्या पाठीचं फार कौतुक केलं.

घरात त्या गिटारला हात लावायची मुभा एकट्या आईला होती. रोज सकाळी पोर्चवर बसून फडक्याने पुसायची. बाकी सगळं घर ती वाऱ्यासारखी आवरायची, पण गिटार पुसायला बसली की उठायचं नाव नाही.

आज मी विचारलंच. पाच एप्रिलला माझ्या नातीचा, माइलेचा, पहिला वाढदिवस. लुआउची मेजवानी होणार, सगळं गाव जेवायला येणार. मला तिच्यासाठी एक गाणं वाजवायचंय, आमच्या घरच्या ट्यूनिंगमध्ये. पप्पा एक्याऐंशीचे झालेत. त्यांच्यामागे ते कुणालाच येत नसेल.

"विचारून शिकायचं नसतं, पोरी. बघून शिकायचं."

"बघू काय? तुम्ही वाजवता कुठे?"

"मग नको बघूस."

आणि टीव्हीचा आवाज वाढवला. तरुणपणी घोड्याने लाथ मारल्यापासून डावा कान गेलाय, उजवाही त्याच्या मागोमाग निघालाय. पण ऐकू कमी येतं असं म्हणायची सोय नाही. टीव्हीवालेच हल्ली हळू बोलतात म्हणे.

५ फेब्रुवारी, बुधवार

लोपाकाचा लास वेगासहून फोन. माझा हा धाकटा भाऊ तिथल्या कॅसिनोत पत्ते वाटतो आणि वाळवंटात राहून आमच्यापेक्षा जास्त हवाईयन झालाय. मनगटावर पूर्वजांची नावं गोंदवून घेतलीत, त्यात आजोबांचं चुकीचं.

म्हणाला, "ताई, लुआउला मी कॅमेरा घेऊन येतोय. पप्पा सगळ्यांसमोर तारा जुळवतील आणि मला ट्यूनिंग देतील. मोठा मुलगा मी."

"मोठी मी आहे."

"अगं, मुलगा म्हटलं मी. मग आपण ऑनलाइन कोर्स काढू. काहेले घराण्याचं गुप्त ट्यूनिंग."

"ऑनलाइन टाकल्यावर गुप्त कसं राहील?"

"नोंदणी केलेल्यांनाच दिसेल ना!"

पप्पांना सांगितलं.  ते जेवण अर्धवट टाकून उठले. अळूच्या कंदाची पोई वाया घालवणारा माणूस नव्हे हा.

८ फेब्रुवारी, शनिवार

लिहितानाही लाज वाटते. खाली किनाऱ्यावरच्या हॉटेलात पाहुण्यांसाठी गिटारचा वर्ग चालतो — नवशिक्यांसाठी सोप्या कॉर्ड, ओपन ट्यूनिंग. मी गेले. काहेलेंची मुलगी, ओरेगॉनहून आलेल्या ट्रेंट नावाच्या माणसाकडे! डोक्यावर टोपी, डोळ्यांवर काळा चष्मा. आजूबाजूला उन्हाने लालबुंद झालेली माणसं, गळ्यात प्लास्टिकच्या माळा.

ट्रेंट श्वास घ्यावा तसा अलोहा म्हणतो. पण शिकवतो सरळ. सहा तारांतल्या तीन सैल करायच्या, जाड दोन आणि अगदी बारीक एक. गिटारच्या टोकाला चिमट्यासारखं छोटं यंत्र लावायचं; तार जुळली की हिरवा दिवा. मग एकही बोट न लावता सगळ्या तारा एकदम छेडायच्या.

छेडल्या. आणि पूर्ण कॉर्ड वाजली! आपोआप. एक बोट पाचव्या पडद्यावर आडवं ठेवलं की दुसरी. सातव्यावर सरकवलं की तिसरी. "झालं," ट्रेंट म्हणाला, "आता तुम्हाला अर्ध्या बेटाची गाणी येतात." लालबुंद माणसांनी टाळ्या वाजवल्या. माझे डोळे भरून आले, म्हणून चष्मा काढला नाही.

मागच्या रांगेत आणखी एकजण टोपी-चष्मा घालून बसला होता. वर्ग सुटल्यावर पार्किंगमध्ये समोरासमोर आलो. अंकल इलाया नाओने! चर्चमध्ये प्रार्थना सांगणारे. यांच्या घराण्याचं ट्यूनिंग आमच्यापेक्षा जुनं की नवं यावरून यांचे वडील आणि माझे आजोबा मरेपर्यंत एकमेकांशी बोलले नव्हते.

"अंकल, तुम्ही इथे?"

"मी मासे घ्यायला आलो होतो."

"गिटार घेऊन?"

काळा चष्मा काढून खिशात टाकला. मग म्हणाले, "आमचा म्हातारा ट्यूनिंग न सांगताच गेला गं. पंचवीस वर्षं झाली, मी गावाला सांगतोय की घराण्याची गोष्ट आहे, वाजवून दाखवणार नाही. येतंय कुणाला?"

मी कुणाला सांगायचं नाही, त्यांनी कुणाला सांगायचं नाही. हातावर हात मारला. येताना एकाच गाडीतून आलो, गावाबाहेर उतरून ते चालत गेले.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

मी कामाला आहे त्या दुकानाच्या कोठीत घोड्यांच्या खाद्याच्या पोत्यांवर बसून सराव. आडवं बोट नीट दाबलं जात नाही, मधल्या तारा घुसमटतात. मालक डोकावून म्हणाला, "मांजर शिरलंय का आत?" हो म्हटलं. आता तो मांजरासाठी रोज दूध ठेवतो. मीच पिते.

२२ फेब्रुवारी, शनिवार

आज ट्रेंटने सहज सांगितलं की हे ट्यूनिंग इथलं सगळ्यात साधं, सगळ्यात माहितीचं. पुस्तकात पहिल्या पानावर असतं.

अंकल इलायांनी हळूच तारा छेडल्या, पुन्हा छेडल्या. चेहरा खर्रकन उतरला. जाताना गाडीत म्हणाले, "हेच. लहानपणी दाराआडून ऐकायचो ते हेच. आमचं सगळं घराणं पहिल्या पानावर मावलं."

मग मी विचार केला, आमचंही हेच असेल तर? तीन पिढ्या पाठ फिरवून बसल्या, शेजाऱ्यांशी बोलणं टाकलं, कशासाठी? पर्यटकांचा पहिला धडा राखायला! हसू आलं. पण पप्पांना कळलं तर ते हसणार नाहीत, आणि ते मला बघवणार नाही.

१ मार्च, शनिवार

केलं. पप्पा डॉक्टरकडे गेले असताना त्यांची गिटार काढली आणि यंत्र लावून ट्रेंटच्या ट्यूनिंगला जुळवली. ते आल्यावर मांडीवर ठेवली. म्हटलं, "वाजवा ना. माइलेसाठी."

मला वाटलं रागावतील. नाही रागावले. लाकूड छातीशी धरलं, डोळे मिटले, आणि बोटं आपोआप जागेवर गेली. वाजलं — भयंकर! आंबल्यासारखं. पुन्हा वाजवलं, तेच. त्यांच्या तोंडाकडे बघवेना.

"हे आपलं नाही," म्हणाले.

"मग आपलं करा. मी बघते."

हात खुंटीपर्यंत गेला. तिथेच थांबला. मग भराभर सगळ्या तारा ढिल्या करून टाकल्या. "आज मन नाही."

स्वतःच्या मुलीसमोरसुद्धा जुळवायची नाही! मी काय ट्यूनिंग घेऊन लास वेगासला पळणार आहे? इतका राग आला की भांडी आपटत घासली. त्यांना ऐकू गेलं नाही, तोही राग आला.

२ मार्च, रविवार

पप्पा माझ्याशी बोलले नाहीत. मी त्यांच्याशी बोलले नाही. न बोलता दोघांनी मिळून कुकरभर भात संपवला.

८ मार्च, शनिवार

आजचं आजच लिहून टाकते.

आज ट्रेंट यंत्राशिवाय तारा जुळवायला शिकवत होता. दोन तारा एकदम छेडायच्या. जुळल्या नसतील तर आवाज हेलकावे खातो, जुळल्या की पाण्यासारखा शांत होतो. एका लालबुंद आजोबांना काही केल्या तो हेलकावा ऐकू येईना. ट्रेंट म्हणाला, "काळजी नको. वाजवायला बोटं पुरतात, पण जुळवायला कान लागतो. ज्यांचा कान गेलाय त्यांना दुसऱ्या कुणी जुळवून द्यावी, बस."

ज्यांचा कान गेलाय त्यांना.

खुंटीपाशी थांबलेला पप्पांचा हात डोळ्यांसमोर आला. तो काही लपवत नव्हता. त्याला जमत नव्हतं!

आणि मग आई. रोज सकाळी पोर्चवर, मांडीत गिटार, हातात फडकं. आम्ही अंथरुणात असताना बाहेरून टुण... टुण... एकेक तार वाजायची. पुसताना हात लागतो, असंच आम्हाला वाटायचं. आई गिटार पुसत नव्हती. रात्री पप्पा घराण्याच्या शिस्तीने तारा ढिल्या करायचे, सकाळी आई त्या जुळवायची, आणि संध्याकाळी सगळं गाव पप्पांच्या ट्यूनिंगला माना डोलवायचं. दोघं चाळीसेक वर्षं ताकास तूर लागू न देता राहिले.

ती गेली आणि पप्पांची गिटार बंद पडली. आम्हाला वाटलं, दुःखाने. लोक म्हणाले, केवढं प्रेम! प्रेम होतंच. पण तिच्याबरोबर त्यांचं संगीतही गेलं आणि त्यांना ते कुणाला सांगता आलं नाही. वर्षभर त्या सैल तारा आणखी सैल करत बसलेत.

आणि पाच एप्रिलला लोपाका सगळ्या गावासमोर कॅमेरा रोखून म्हणणार — पप्पा, जुळवा.



१० मार्च, सोमवार

पहाटे उठले. आईचं फडकं कपाटात सापडलं, निळ्या चौकड्यांचं. पोर्चवर बसले, यंत्र फडक्याखाली लपवलं. पण मग हात अडला. जुळवू कोणत्या ट्यूनिंगला? ट्रेंटचं त्यांना चालत नाही. आईचं मला माहीत नाही.

शेवटी ट्रेंटचंच जुळवलं. पप्पा बाहेर आले तेव्हा म्हटलं, "धूळ फार साचली होती. पुसली."

माझ्याकडे बघितलं. फडक्याकडे बघितलं. गिटार घेतली, वाजवली. पुन्हा आंबट.

पण आज मी चेहऱ्याकडे नाही, बोटांकडे बघितलं. बघून शिकायचं असतं ना! काहीही वाजवण्याआधी त्यांचं पहिलं बोट तिसऱ्या तारेच्या पहिल्या पडद्यावर जाऊन बसतं. दर वेळी. खुर्चीत बसताना हात खुर्चीच्या दांड्यावर जातो तसं. तिथेच सगळं बिघडतं.

११ मार्च, मंगळवार

बोट तर ऐकणार नाही. एक्याऐंशी वर्षांचं बोट आहे. मग तारेनेच ऐकलं पाहिजे. तिसरी तार एका पडद्याइतकी आणखी सैल केली. रिकामी छेडली तर कॉर्ड अपुरी वाटते, काहीतरी बोलता बोलता थांबल्यासारखी. त्यांचं बोट पडलं की ती पुरी होणार.

फडकं घडी करून ठेवलं. म्हटलं, "पुसली."

पप्पांनी वाजवली.

आई गेल्यापासून आज पहिल्यांदा. मी स्वयंपाकघरात उभी राहून डब्यातलं मांस, स्पॅम, भाजत होते, सगळं करपलं. तोच आवाज! लहानपणी ज्याच्यावर झोप लागायची तो. रस्त्यातून जाणारा ट्रक थांबला. ड्रायव्हर उतरून कुंपणाला टेकून उभा राहिला, टोपी हातात घेऊन. मी रडले. धुराने नव्हे, कशाने नव्हे, नुसती रडले.

पप्पांनी एका शब्दाने विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. अंधार पडायला लागला तशा त्यांनी नेमाने सगळ्या तारा ढिल्या केल्या.

२२ मार्च, शनिवार

रोज पहाटे पुसते. ते रोज वाजवतात. मी ट्रेंटच्या ट्यूनिंगमध्ये माझी साधी गिटार घेऊन बाजूला बसते — मोकळी, पाचवा, सातवा, मोकळी. एका बोटाच्या कॉर्ड. पप्पा मध्येच म्हणतात, "घाई काय? गाय सुटलीय का?" हे आमच्याकडे कौतुक समजतात.

त्यांना काय वाटत असेल कोण जाणे. गिटार आपोआप जुळते असं वाटण्याइतके भोळे नाहीत. पण काहेलेंचा अभिमान कशावरही विश्वास ठेवू शकतो.

४ एप्रिल, शुक्रवार

लोपाका आला. तीन कॅमेरे, एक बायको, गळ्यात डुकराच्या सुळ्यांचा हार. म्हणाला, "ताई, उद्या स्टेजवर गिटार सैल तारांचीच हवी. पप्पा शून्यापासून जुळवणार. तोच तर शॉट आहे."

"आणि त्यांना जुळवायचं नसेल तर?"

"असं कसं? घराणं आहे हे."

पप्पा आत बसून ऐकत होते, की नव्हते. उजवा कान भिंतीकडे होता. जेवले नाहीत.

अंकल इलायांकडे गेले. सगळं सांगितलं. आमच्या घराण्याचं बिंग फुटलं म्हणून हसले नाहीत. म्हणाले, "उद्या जेवणाआधीची प्रार्थना कोण सांगतंय?"

"तुम्हीच."

"मग झालं तर."

५ एप्रिल, शनिवार

दमलेय, पण लिहिते.

जमिनीत पुरून भाजलेलं डुक्कर वर निघालं. सगळे ताटं घेऊन हजर. स्टेजवर पप्पा, मांडीवर ढिल्या तारांची गिटार, चेहरा पांढराफटक. लोपाकाचे कॅमेरे तयार. एवढ्यात अंकल इलाया उठले. "आधी प्रार्थना. डोकी खाली, डोळे बंद. कॅमेरेसुद्धा बंद, लोपाका. देवाचं रेकॉर्डिंग करत नाहीत."

सगळ्यांनी माना खाली घातल्या. मी फडकं घेऊन स्टेजवर गेले.

अशी प्रार्थना वायमेआने कधी ऐकली नसेल. अंकलनी माइलेसाठी आशीर्वाद मागितला, मग तिच्या आईबापांसाठी, मग डुकरासाठी. मी जाड तार जुळवली. मग डोंगरासाठी, पावसासाठी, प्रत्येक गोठ्यासाठी. दुसरी. नगरपालिकेसाठी मागितला तेव्हा कुणीतरी खोकलं. तिसऱ्या तारेपाशी माझा हात घामाने घसरला, हिरवा दिवा लागेना. अंकलनी एका डोळ्याने बघितलं आणि लास वेगासमध्ये भरकटलेल्या आत्म्यांकडे वळले. नेमकी माइले रडायला लागली, तिच्या रडण्यात उरलेल्या बारीक ताराही उरकल्या. पप्पांनी डोळे मिटले होते. लाकूड मात्र माझ्यासाठी घट्ट धरून ठेवलं होतं.

"आमेन," अंकल म्हणाले. मी खाली उतरले होते.

लोपाका कॅमेऱ्यामागे धावला. "पप्पा, थांबा, जुळवताना..." पण पप्पांनी सुरू केलं होतं. गावाला काय, पटलं. प्रार्थना चालू असताना डोळे मिटून जुळवली म्हातारबाबांनी, कुणाला दिसू दिलं नाही! खरा काहेले! मी बाजूला बसून माझी एका बोटाची साथ दिली. माइले एका कॉर्डवर हसली, चुकलेल्या.

मग लोपाका गुडघ्यावर बसला, कॅमेरा चालू. "पप्पा, घराण्याचं ट्यूनिंग मला द्या."  पप्पांनी त्याला जवळ ओढलं, त्याच्या कानात काहीतरी सांगितलं. लोपाकाचा चेहरा बघण्यासारखा झाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आणि मी — काय सांगू — मला वाईट वाटलं. पुसायला मी, आणि कान त्याचा.

७ एप्रिल, सोमवार

लोपाकाला विमानतळावर सोडलं. वाटभर घुम्यासारखा बसला होता. शेवटी फुटला. "काय सांगितलं माहितेय कानात? 'गिटार रोज सकाळी पुसायची असते. तुझी बहीण पुसते.' बस, एवढंच! म्हातारा ऐंशी उलटून भ्रमिष्ट झालाय, ताई."

 मी घरी आले, फडकं धुतलं आणि सकाळपर्यंत वाळावं म्हणून दोरीवर टाकलं.